पाठ घोड्यांकडे

ओपलच्या हातून स्क्रॅपल करपलं तेव्हाच व्हर्नाला कळलं की आजचा दिवस सरळ जाणार नाही. आईच्या तव्यावर न्याहारीच्या त्या डुकराच्या मांसाच्या वड्या करपणं ही मेसिकांच्या घरात निवडणूक जिंकण्याइतकीच दुर्मीळ गोष्ट होती. चौऱ्याऐंशी वर्षांची ओपल तव्यापुढे उभी होती खरी, पण तिचे कान टेबलाकडे लागले होते. टेबलाशी टेसा आपल्या आईला, म्हणजे व्हर्नाला, खडसावत होती.

"त्या गाडीत तू बसायचं नाहीस. विषय संपला."

"अगं, रिटर्न डे आहे."

"असू दे. तीनदा बसलीस ना उलटी? पुरे झालं. चौथ्यांदाही सगळ्या काउंटीनं तुला घोड्यांकडे पाठ करून बसलेली बघायची? पुढच्या वेळी लोक तुला नावानं नाही ओळखणार आई, 'ती उलटी बसते ना, ती' असं म्हणतील."

व्हर्नानं कॉफीचा घोट घेतला. लेकीचं अगदीच चुकत नव्हतं. मंगळवारी ती ऑर्विल थॉरोगुडकडून चौथ्यांदा हरली होती. काँग्रेसमधल्या, म्हणजे देशाच्या संसदेतल्या, राज्याच्या त्या एकुलत्या जागेवर थॉरोगुड इतकी वर्षं ठाण मांडून बसला होता, की व्हर्नाच्या स्कूल बसमध्ये चढणाऱ्या पोरांच्या आईबापांनाही दुसरं नाव आठवत नसे. आणि आज गुरुवार, निवडणुकीनंतरचा रिटर्न डे. आज जॉर्जटाउनच्या रस्त्यानं जिंकलेल्यानं आणि हरलेल्यानं एकाच घोडागाडीतून जायचं. जिंकलेल्याचं तोंड पुढे, हरलेला त्याच्या समोर, पाठ घोड्यांकडे. मग चौकात दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी एकाच दांड्याला हात लावून कुऱ्हाड वाळूत पुरायची, भांडण संपलं म्हणायचं, आणि सगळ्यांनी भाजलेल्या बैलाचे फुकटचे सँडविच खात उभं राहायचं. तिचा नवरा ग्लेन पहाटेपासून त्या भट्टीवरच होता. निवडणुकीत त्यानं जितका घाम गाळला नव्हता तितका तो आज त्या बैलापायी गाळणार होता.

तीनदा व्हर्ना मुकाट्यानं बसली होती, हसली होती, हातही हलवला होता. यंदाची अडचण निराळी होती. यंदा समितीनं त्या दोघांसाठी मेसिकांचीच गाडी मागितली होती. आजोबांनी बनवलेली, काळ्या रंगाची, लाल चाकांची. आणि ती हाकणार होता तिचा धाकटा भाऊ कर्टिस, ज्यानं सप्टेंबरमध्ये आपल्या अंगणात थॉरोगुडच्या नावाची पाटी ठोकली होती.

सख्ख्या भावानं! तीही कुठे, तर अगदी रस्त्याच्या कडेला, जिथून बहिणीची बस सकाळ-संध्याकाळ जायची. पहिल्या दिवशी ती पाटी दिसली तेव्हा व्हर्नाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता आणि मागची पोरं एकमेकांवर आदळली होती. तेव्हापासून बहीणभावात एक शब्द नव्हता. चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसत. ओपल मधोमध बसे आणि सबंध प्रवचनभर नुसती उसासे टाके.

"मामा हो म्हणालाच कसा?" टेसा म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"गाडी त्याच्या शेडमध्ये, घोडे त्याचे," ओपल तवा खरवडत म्हणाली. "मग काय पाद्री हाकणार होता?"

"आजी, तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस."

"मी कुणाची बाजू घेत नाही. मी स्क्रॅपल करतेय."

तेवढ्यात मागच्या पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला. कर्टिस आत आला. गाडीवानाचा काळा कोट, हातात उंच हॅट, आणि कोटाच्या खालून कोंबड्यांच्या शेडचा तो ओळखीचा वास. सणाचे कपडे घालायच्या आधी पिल्लांना बघून आला असणार. त्यानं आईच्या गालाला गाल लावला आणि व्हर्नाच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलला.

"मी आता घोडे जोडतोय. कुणी येणार आहे की नाही तेवढं सांगा. रिकामी जागा घेऊन जायचं असेल तर मला आधी कळलेलं बरं."

रिकामी जागा. ओपलचा हात तव्यावरच थांबला. या घरात हे दोन शब्द एकत्र कुणी उच्चारत नसे, आणि कर्टिसच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"'कुणी' म्हणजे मी का?" व्हर्नानं विचारलं. "माझं नाव विसरलास की काय? नाही म्हणजे, पाटी दुसऱ्याची लावलीस म्हणून विचारते."

"बोललीस एकदाची," कर्टिस म्हणाला.

"बोलणार होतेच. तू थॉरोगुडला मत दे, मला काही वाटणार नाही. पण पाटी? अरे, गावातले लोक मला गाठून विचारायचे, 'मिस व्हर्ना, घरात सगळं ठीक आहे ना?' भर सभेत एकानं विचारलं. ज्या बाईचा भाऊ तिच्या मागे नाही, तिच्या मागे आम्ही का यावं, म्हणून. काय सांगायचं होतं मी?"

"मला विचारायचं होतंस. पाटी का लावली ते."

"आता विचारते. का लावलीस?"

कर्टिसनं हॅट टेबलावर ठेवली. मग उचलली. मग पुन्हा ठेवली. शेवटी तो खुर्ची ओढून बसला, आणि बोलायला लागला तो आईकडे बघून.

"आमच्या ब्रेंटला तिकडे लढाईत लागलं तेव्हा लष्कराचा फोन आला. जर्मनीतल्या इस्पितळात आहे, आईबापांनी लगेच निघावं म्हणाले. लगेच! आमच्याकडे पासपोर्टच नव्हता. मेरिलँडच्या पलीकडे आम्ही कधी गेलो होतो? पोरगा जगतो की मरतो त्याचा पत्ता नाही, आणि मी फोनवर एक दाबा, दोन दाबा करतोय. शेवटी जॉर्जटाउनच्या त्या ऑफिसात गेलो. थॉरोगुडच्या. अंगावर शेडमधलेच कपडे होते. तिथल्या बाईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपला फोन खाली ठेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात पासपोर्ट हातात. त्याच रात्री विमान. ब्रेंटनं डोळे उघडले तेव्हा त्याची आई समोर होती."

टेसानं हातातला काटा खाली ठेवला.

"थॉरोगुडनं काही मागितलं नाही," कर्टिस म्हणाला. "सप्टेंबरमध्ये त्याची माणसं पाट्या वाटत फिरत होती. अंगणात आली. आता सांग, माझा पोरगा पायरीवर बसलाय, जिवंत, आणि मी त्यांना काय म्हणू? चालते व्हा?"

"मला का नाही सांगितलंस?" व्हर्नाचा आवाज चढला, पण त्यातला दम गेला होता. "जर्मनीला गेलात हे कळलं. कसे गेलात हे मी विचारलं होतं तुला."

"या घरात त्याचं नाव घ्यायचं? बाबांच्या घरात? आणि तू त्याच्याच विरुद्ध उभी." कर्टिस उठला. "पाटी त्याची लावली. मत कुणाला दिलं ते मला आणि त्या पडद्याला माहीत. मी घोडे जोडतो."

"छान," टेसा म्हणाली. तिनं कोट उचलला. "आता आई जाणारच. हिला कुणी रडकथा सांगितली की झालं. मी गर्दीत उभी राहीन, पण टाळ्या वाजवणार नाही." दार तिनं आपटलं नाही, पण बंदही केलं नाही. थंड वारा आत आला.

ओपलनं जाऊन दार लावलं. मग पहिल्यांदाच ती टेबलाशी बसली.

"तू आठ वर्षांची होतीस," ती व्हर्नाला म्हणाली. "मी तुझा हात धरून उभी होते, बेकरीच्या समोर. आठवतं?"

व्हर्नाला आठवत होतं. काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत बाबा हरले होते, याच थॉरोगुडकडून. तेव्हा तो तरणाबांड होता आणि ती त्याची पहिलीच निवडणूक. रिटर्न डेला बाबा, इरा मेसिक, घरात कडी लावून बसले. गाडी आली ती हीच, लाल चाकांची. थॉरोगुड एकटा बसलेला, समोरची जागा रिकामी. आणि पुढे लगाम धरून बाबांचा सख्खा भाऊ, अमोसकाका.

"अमोसनं शब्द दिला होता समितीला. तो काय करणार? पण तुझ्या बापानं मनात धरलं ते धरलंच. माझ्या रिकाम्या जागेची वरात काढली म्हणाला. रस्त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे अमोस, आणि मरेपर्यंत दोघं बोलले नाहीत. अमोसच्या बायकोला आणि मला टपालपेटीपाशी चोरून बोलावं लागायचं, शाळेतल्या पोरींसारखं." ओपलनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "निवडणूक हरला त्याचं मला काही वाटलं नाही गं. कुणीतरी हरणारच. पण त्यानं भाऊही घालवला. मी ते एकदा पाहिलंय, व्हर्ना. पुन्हा नाही बघवणार."

व्हर्ना बराच वेळ करपलेल्या स्क्रॅपलचा तुकडा काट्यानं फिरवत राहिली. मग तिनं तो खाऊन टाकला, कोट चढवला आणि मागच्या अंगणात गेली. कर्टिस घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळत होता.

"येते मी," ती म्हणाली. "पण सगळं मिटलं असं समजू नकोस. रस्त्यात मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," कर्टिस पट्ट्यातून मान वर न काढता म्हणाला. "नाहीतरी पाठ माझ्याकडेच असणार तुझी."

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं.

गावाच्या वेशीवर गाड्यांची रांग लागली होती. थॉरोगुडला दोघांनी हात धरून वर चढवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. जवळून बघितलं तर म्हातारा फारच वाळला होता. फलकांवरचे त्याचे फोटो निदान दहा वर्षांपूर्वीचे असावेत. व्हर्ना त्याच्यासमोर बसली. तिची पाठ आसनाच्या लाकडाला टेकली, आणि लाकडाच्या पलीकडे, वरच्या बाजूला, कर्टिस बसला. तो बसला तेव्हा फळी तिच्या खांद्यांशी किंचित हलली. लहानपणी दोघं एकाच पलंगावर भांडून पाठीला पाठ लावून झोपायची, त्याची तिला आठवण झाली.

घोडे निघाले. मागे शाळेचा बँड वाजू लागला.

"अभिनंदन, मिस्टर थॉरोगुड," ती म्हणाली. मंगळवारी फोनवर म्हणाली होतीच, पण हे तोंडावर म्हणायचं असतं.

"आभारी आहे, व्हर्ना. आलीस, बरं केलंस. मला तर वाटलं होतं, यंदा तुझ्या बापासारखं करशील." म्हाताऱ्यानं घोंगडी नीट केली. "त्या दिवशी मी सबंध रस्ताभर त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. लोक हात हलवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. समोर कुणी नसलं की जिंकलेला माणूस फार मूर्ख दिसतो."

दोन्ही बाजूंना गर्दी दाटली होती. "मिस व्हर्ना! मिस व्हर्ना!" अशा हाका येत होत्या. हाका मारणाऱ्यांत दाढीवाले बाप होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, पोलिसाच्या गणवेशातला एक जण होता. सगळे कधी ना कधी तिच्या बसमध्ये बसलेले. तीस वर्षं ती हे चेहरे डोक्यावरच्या आरशात बघत आली होती, कोण उभा राहतोय, कोण कुणाच्या खोड्या काढतोय. आज आरसा नव्हता. जो चेहरा मागे जायचा तो लगेच नाहीसा होत नव्हता, लहान होत होत कितीतरी वेळ तिच्यासमोरच राहत होता, हात हलवत. याआधी तीनदा ती इथे बसली होती, पण अपमान गिळण्याच्या नादात तिनं हे पाहिलंच नव्हतं. एवढ्या लोकांनी चार वेळा आपल्या नावापुढे खूण केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"एक सांगायचं होतं," थॉरोगुड म्हणाला. "अग्निशमन दलाच्या हॉलमधला तो जाहीर वादविवाद आठवतो? तुझी दुसरी निवडणूक."

"मी आरडाओरडा केला होता."

"आरडाओरडा? मला सोलून काढलंस! 'कालव्याच्या दक्षिणेला, आपल्या इकडे, माणसं राहतात की नाही? अडलेल्या माणसानं तुमच्या विल्मिंग्टनच्या ऑफिसापर्यंत गाडी हाणायची, नाहीतर फोनवर बटणं दाबत मरायचं?' सगळा हॉल उभा राहिला. मी जिंकलो, पण घरी जाताना बायको म्हणाली, ऑर्विल, ती खरं बोलली. पुढच्या महिन्यात मी जॉर्जटाउनला ऑफिस उघडलं. तोवर तिथे माझं एक टेबलही नव्हतं." तो खोकला. "लोक मला म्हणतात, चांगलं केलंत. मी मान डोलावतो. ते तुझं ऑफिस आहे, व्हर्ना. पाटी फक्त माझी."

व्हर्नाच्या पाठीमागे फळी कुरकुरली. घोड्यांची चाल मंदावली.

"कुठलं ऑफिस?" वरून कर्टिसचा आवाज आला. गाडीवानानं बोलायचं नसतं, पण तो बोलला. "पोस्टाच्या शेजारचं? जिथे ती बाई बसते?"

"तेच. दुसरं कुठलं आहे?"

व्हर्नाच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, शेडमधल्या कपड्यांतला तिचा भाऊ, आणि पाण्याचा ग्लास. त्या वर्षी हरल्यावर ती आठवडाभर कुणाशी धड बोलली नव्हती. सगळं पाण्यात गेलं म्हणाली होती.

"व्हर्ना," कर्टिस मागे न बघता म्हणाला. बघता येतच नव्हतं, हातात लगाम होता. "मला माहीत नव्हतं गं."

"मलाही नव्हतं," ती म्हणाली. तिनं हात खांद्यावरून मागे नेला, आणि त्याच्या कोटाचा जो काही भाग हाती लागला तो मुठीत घट्ट धरला. रडू आलं ते तिनं येऊ दिलं. समोर थॉरोगुड होता, पण तो मोठ्या सभ्यपणानं एका दुकानाची पाटी वाचत बसला.

डोळे पुसून तिनं मागे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं, आणि तिला ब्रेंट दिसला. फुटपाथवरून काठी टेकत तो गाडीच्या बरोबरीनं चालायला बघत होता. बहुधा बेकरीपासूनच निघाला असावा. बरोबर टेसा होती, त्याच्या कोपराला हात लावून. गर्दी त्यांना वाट देत नव्हती. ब्रेंट एक हात वर करून आत्याला काहीतरी ओरडून सांगत होता, हसत होता, आणि मागे पडत चालला होता. पुढे बघणाऱ्या कुणाला तो दिसणं शक्यच नव्हतं. थॉरोगुडला नाही, पण लगाम धरलेल्या ब्रेंटच्या बापालाही नाही.

"थांबव," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"गाडी थांबव, कर्टिस! एक जण मागे राहिलाय."

हा आवाज त्या रस्त्यावरच्या अर्ध्या लोकांच्या ओळखीचा होता. तो ऐकून ते लहानपणी जागच्या जागी थिजत असत. घोडेही थिजले. मागचा बँड एकमेकांवर आदळला, एक मोठा ढोल रस्त्यावर गडगडत गेला, समितीचा माणूस हात हलवत धावत आला. "काय चाललंय? रांग अडलीय! लोकहो, काय चाललंय?"

"पोरगा चढल्याशिवाय मी गाडी हलू देत नसते," व्हर्ना म्हणाली. "तीस वर्षांत दिली नाही."

गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. टेसानं खालून जोर लावला, व्हर्नानं वरून हात दिला, आणि काँग्रेसचा सभासद ऑर्विल थॉरोगुड यानं घोंगडी बाजूला सारून काठी धरली. ब्रेंट धापा टाकत आत्याशेजारी बसला, घोड्यांकडे पाठ करून.

"सर, ही जागा हरलेल्यांची आहे ना?" त्यानं थॉरोगुडला विचारलं.

"आज इथे फारच गर्दी दिसतेय," म्हातारा म्हणाला. "मलाच एकटं वाटायला लागलंय."

टेसा गाडीच्या बाजूनं चालत होती. आईकडे न बघता ती टाळ्या वाजवत होती, जरा रागानंच, पण वाजवत होती.

गाडी चौकाच्या दिशेनं निघाली. कोर्टाच्या गच्चीवर उंच हॅट घातलेला दवंडीवाला निकालाचे आकडे वाचून दाखवत होता, आणि ती पुन्हा एकदा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर हरत होती. व्हर्नानं ते शांतपणे ऐकले. भट्टीचा वास आला. ग्लेन कुठेतरी सुरी घेऊन उभा असेल, तिच्यासाठी कडेचा जरा करपलेला तुकडा राखून.

"कर्टिस," ती म्हणाली.

"हं."

"मी पुन्हा उभी राहिले तर अंगणात पाटी कुणाची लावशील?"

चौकाचं वळण आलं. कर्टिसनं घोडे सांभाळून वळवले, वाळूची पेटी आणि तिच्याशेजारी उभे असलेले दोन्ही अध्यक्ष मागून हळूच तिच्या समोर आले, कुऱ्हाडीच्या एकाच दांड्यावर चार हात.

"अंगण मोठं आहे," तो म्हणाला. "दोन मावतील. तुझी रस्त्याच्या बाजूला."